पंख्याला दिलेली विश्रांती

लोक कॉम्प्युटरवर भरतकामाचं कापड घालून ठेवत, तेव्हाची गोष्ट. वाचनालयातल्या एका लिनक्सच्या कॉम्प्युटरमध्ये प्रोसेसर, पंखा आणि सेन्सर शेजारी राहत. प्रोसेसर किती तापला ते सेन्सर सांगे आणि त्यावरून पंखा आपला वेग ठरवी.

पुढे पंखा म्हातारा झाला, धुळीने खरखरू लागला. सेन्सरला त्याची दया आली. उन्हाळ्यातल्या एका दुपारी प्रोसेसर नव्वद अंशांवर गेला, तरी सेन्सर म्हणाला, "पन्नासच आहे, काका. सावकाश फिरा."

थोड्याच वेळात प्रोसेसर पोळला आणि कॉम्प्युटर बंद पडला.

तो पुन्हा सुरू झाल्यावर पंख्याने आधी प्रोसेसरची विचारपूस केली. मग तो सेन्सरला हळूच म्हणाला, "दमलो तर मी कुरकुरेन, बाळा. पण शेजारी भाजत असताना मला निजवू नकोस."