धर्मशाळेची भिंत

"मग ग्रंथघराची किल्ली माझ्याकडे कधी देणार, महाराज?"

त्रिंबकनं हे या महिन्यात तिसऱ्यांदा विचारलं होतं. भीमगीर महाराज आठ दिवस बाहेरगावी होते, ते नुकतेच मठात परतले होते. आल्या आल्या आधी धर्मशाळेत जाऊन आले आणि ओसरीवर खांबाला टेकून बसले. बोटांना ओला चुना लागला होता, तो त्यांनी पुसला नव्हता.

महाराजांचे डोळे जवळजवळ गेले होते. पायांत बळ होतं तेव्हा त्यांनी मुलखामुलखांतून झोळीत घालून पुस्तकं आणली. त्यांचंच पुढे ग्रंथघर झालं. आता ते कुणाच्या तरी हाती सोपवायचं होतं, आणि त्रिंबकइतकं वाचलेला दुसरा शिष्य मठात नव्हता. हे त्रिंबकलाही ठाऊक होतं. जरा जास्तच ठाऊक होतं.

"एवढ्यात काय वाचलंस?" महाराजांनी विचारलं.

त्रिंबक खुलला. वाचलेलं सांगायला लागला की तो फार गोड बोले, एवढं श्रेय त्याला द्यायलाच हवं.

"समुद्रापलीकडच्या एका बेटाविषयी, महाराज. तिथं कोळी बुडाला की त्याची बायको होडीच्या फळीवर त्याचा सगळा जन्म कोरते. पहिला मासा, लग्न, भांडणं, सगळं! मग गावातलं लहानथोर डोळे मिटून त्या फळीवरून हात फिरवतं..."

"कशाला?"

"गेलेला माणूस हाताला लागतो म्हणे. वाचता वाचता मी रडलो, महाराज. कुठली माणसं, कुठला समुद्र, आणि इथं माझ्या डोळ्यांना धारा. जेवायचीही शुद्ध राहिली नाही."

महाराजांचा चेहरा उजळला. "वाचावं तर असं," ते म्हणाले. मग तो उजेड हळूहळू गेला.

"धर्मशाळेत एक बाई उतरली होती ना? डोंगरापलीकडची?"

"हो. तुम्ही गेलात त्याच दिवशी तिचा नवरा तापानं गेला. आज पहाटे ती अस्थी घेऊन नदीकडे गेली."

"इतके दिवस काय करत होती?"

"कोळशानं भिंतीवर रेघोट्या ओढत होती. दुःखानं डोकं ठिकाणावर नव्हतं बिचारीचं."

"तुला काही म्हणाली?"

त्रिंबक घुटमळला. "काल इथं वर मठात आली होती. हाताला धरून ओढत होती. भाषा कळेना. आणि मी नेमका शेवटच्या प्रकरणात होतो..."

"मग?"

"नंतर येतो, अशी खूण केली."

"गेलास?"

"आज सकाळी गेलो ना! सुतकाची खोली, महाराज. मठाचा रिवाजच आहे. जमीन सारवून घेतली, भिंतींना चुना दिला. दोन हात दिले तरी कोळसा वर दिसत होता. तिसरा हात मी स्वतः दिला."

"काय होतं भिंतीवर?"

"एक बैल असावा. विहीर होती एक... नीट पाहिलं नाही."

महाराजांनी चुन्याची बोटं एकमेकांवर चोळली. त्रिंबकला उगाचच भीती वाटू लागली.

"तरणा होतो तेव्हा दोन वर्षं तिच्या लोकांत राहिलो मी," महाराज म्हणाले. "मरणाच्या वेळी घरचा जो माणूस जवळ नव्हता, त्याच्यासाठी बायको नवऱ्याचा जन्म भिंतीवर काढते. एकदाच काढते. तो येऊन बघेपर्यंत पुसू नका, एवढंच सांगायला आली असेल ती."

"हे कुठल्या पुस्तकात आहे?" त्रिंबकच्या तोंडून निघून गेलं. सवय, दुसरं काय!

चुन्यानं माखलेली बोटं महाराजांनी समोर धरली.

"सगळी भिंत चाचपली मी. काहीच हाताला लागलं नाही."

त्रिंबकचा चेहरा पडला. आपण काय केलं ते त्याला आता कळत होतं, आणि कळून काही उपयोग नव्हता.

"ती परत आली की मी तिचे पाय धरीन, महाराज."

"ती नाही यायची. नदीवरून परस्पर गावी जायचं असतं त्यांच्यात."

"मग मला शिक्षा द्या. किल्ली नको मला. काहीही सांगा..."

महाराजांनी अंगणाकडे मान वळवली. फाटकापाशी लिंबाखाली एक माणूस उकिडवा बसला होता. पाय गुडघ्यांपर्यंत धुळीनं भरलेले. शेजारी कुणीतरी ठेवलेला पाण्याचा तांब्या तसाच भरलेला होता. त्रिंबकनं त्याला मघाशी पाहिलं होतं आणि कुणी भिकारी असेल म्हणून सोडून दिलं होतं.

"तिच्या नवऱ्याचा धाकटा भाऊ," महाराज म्हणाले. "वाटेत भेटला, आधी मी बघून येतो म्हणून इथं बसवलाय. निरोप मिळाल्यापासून दोन दिवस चालतोय. भिंत पाहिल्याशिवाय पाण्याला शिवणार नाही."

"तुम्ही... सांगितलंत त्याला?"

"नाही."

त्रिंबक उठला, पुन्हा बसला. त्याला रडू आवरेना.

"मी काय बोलू त्याच्याशी, महाराज? मला त्याची भाषाही येत नाही..."

महाराजांनी त्याचा हात ओढून घेतला आणि आपली चुन्याची बोटं त्याच्या तळव्यावर पुसली. एकेक बोट, सावकाश.

"ती भिंत शेवटची तू पाहिलीस, त्रिंबक. जा, त्याला वाचून दाखव."