निजलेल्या इंजिनाची ऊब

इंजिन आणि बॅटरी एकाच हायब्रिड गाडीत नव्यानेच नांदू लागली होती, आळीपाळीने गाडी ओढायची, त्या काळची ही गोष्ट. उन्हाळाभर बॅटरी टोमणे मारायची, "दादा, तुमची नुसती धग. निजा तुम्ही, मी आहे." इंजिन मुकाट निजायचं.

पौषात घाट उतरताना गाडीत बसलेल्या यमुनाआत्यांची बोटं गारठली. हीटर लावला, तरी गार वाराच आला. बॅटरी ओशाळली.

"दादा, उठा. ऊब द्यायला मला येत नाही."

इंजिन गुरगुरत उठलं. थोड्या वेळाने आत्यांनी गरम वाऱ्यापुढे तळवे धरले.

"लहानपणी एसटीत आम्ही ड्रायव्हरशेजारी इंजिनाच्या बॉनेटवर बसायचो," त्या म्हणाल्या, "अगदी तशी ऊब."

तेव्हापासून इंजिन निजलं, की बॅटरी गाडी हलक्या पावलांनी नेते. दादांची झोप मोडू नये म्हणून.