भंतेंच्या जेवणाचा निरोप

"मग काल माझं जेवण कुठं गेलं?" भंते शीलवंतांनी विचारलं.

क्षितिज रामटेके मान खाली घालून बसला होता. मान खाली होती, पण नाक अजून वरच होतं.

वैनगंगेकाठच्या त्या विहारात भंतेंना रोज एका घरून जेवण येतं. चाळीस घरं, चाळीस पाळ्या. पाळीची आठवण द्यायला क्षितिजनं पुण्याहून निरोपाचं एक अ‍ॅप करून दिलं होतं आणि ते चालवायला एक एआय सहायक. सहायकानं काय काय करायचं, ते त्यानं बारा पानांत लिहिलं होतं.

बारा पानं... आणि दुसऱ्याच आठवड्यात अठ्ठ्याहत्तर वर्षांचे भंते उपाशी. भिक्खू दुपारी बारानंतर जेवत नाहीत. एकदा चुकलं की थेट दुसरा दिवस.

विहार समितीनं क्षितिजला स्पष्ट सांगितलं होतं, रविवारपर्यंत नीट कर, नाहीतर आम्ही पुन्हा फळ्यावर खडूनं नावं लिहू. फळा! पोरगा मिळेल ती बस पकडून गावी आला.

"चूक सहायकाची आहे, भंते," तो म्हणाला. "पाळी शेवंताबाईंची होती. त्या लेकीकडे तुमसरला, फोन बंद. तरी यानं समितीला कळवलं, जेवणाची सोय झाली. म्हणून दुसरंही कुणी आलं नाही."

"त्यानं असं काहून कळवलं?"

"त्याला अ‍ॅपकडून 'पाठवला' एवढं उत्तर आलं. तेवढ्यावर त्यानं काम झालं म्हणून टाकलं."

"तू काय लिहिलं होतंस?"

क्षितिजनं कागद काढून वाचलं, "निरोप पाठवला की सोय झाली असं समितीला कळवावं."

भंतेंनी त्या कागदाकडे पाहिलं.

"पण पाठवला म्हणजे पोचला नव्हे," क्षितिज घाईनं म्हणाला, "हे शेंबड्या पोरालाही कळतं."



"किती वाजले?" भंतेंनी विचारलं.

"साडेअकरा."

"मग जेवायला बसू."

आज क्षितिजनं आईच्या हातचा डबा आणला होता. भात, वरण, वांग्याची भाजी, जवसाची चटणी. त्यानं ताट वाढून भंतेंसमोर ठेवलं, पाण्याचा पेला ठेवला आणि समाधानानं हात जोडून बसला.

भंतेंनी ताटाकडे पाहिलं. हात मांडीवरच राहिले.

पावणेबारा झाले.

"भंते, जेवा ना."

"हो."

हात हलला नाही. भाताची वाफ विरत चालली.

"भाजी आवडत नाही का? आईनं मुद्दाम केली..."

"वास फार छान येऊन राहिला."

बाराला दहा कमी. क्षितिजला घाम फुटला. लागोपाठ दुसरा दिवस भंते उपाशी राहणार, तेही त्याच्या डोळ्यांदेखत. समितीचं सोडा, आई त्याला घरात घेणार नव्हती.

"काय चुकलं ते तरी सांगा, भंते."

"मला कुणी जेवण दिलं नाही."

"हे काय, तुमच्या समोर आहे की."

"हे ठेवलं आहे."

क्षितिज ताटाकडे बघत राहिला...

मग त्याला आईचे हात आठवले. आई दर वेळी ताट दोन्ही हातांनी उचलून भंतेंच्या हातात देते. भिक्खू न दिलेलं घेत नाहीत. लहानपणापासून त्यानं हे शंभर वेळा पाहिलं होतं आणि एकदाही स्वतः केलं नव्हतं.

"शेंबड्या पोरालाही कळतं म्हणतात," भंते हळूच म्हणाले.

क्षितिजचे कान लाल झाले. त्यानं ताट उचलून त्यांच्या हातात दिलं.

भंते जेवले. आठ मिनिटांत, पण चवीनं. चटणीचा कणही राहिला नाही. पाहून क्षितिजला इतकं बरं वाटलं की तो स्वतःशीच हसला.

मग त्यानं पेन काढलं, ती ओळ खोडली आणि मांडीवर कागद धरून नवं लिहून वाचलं.

"'पाठवला' याचा अर्थ निरोप इथून निघाला, एवढाच. त्या घरून 'हो' आल्याशिवाय सोय झाली असं कळवू नये. साडेनऊपर्यंत 'हो' आलं नाही तर पुढच्या घरी निरोप पाठवावा. दहापर्यंत तिथूनही आलं नाही तर त्याच्या पुढच्या घरी. तिसऱ्या घरानंतर थांबावं."

"आणि तिसऱ्या घरूनही काही आलं नाही तर?"

"तर साडेदहाला समितीला लगेच कळवावं की..." पेन थांबलं. "कसं लिहू, भंते? 'आजची भोजनव्यवस्था प्रलंबित आहे' असं बरं दिसेल का?"

भंते पोट धरून हसले.

"प्रलंबित वाचून कोण धावत येईल, बाळा? लिही, म्हातारा उपाशी आहे."