घोरपडे साहेबांची तपासणी

नातजावयाला सुट्टी मिळेना, म्हणून त्याचा पहिला दिवाळसण मी पार्सलनंच धाडायचा ठरवला. घरी केलेल्या चॉकलेटांचा डबा घेऊन कुरिअरच्या ऑफिसात गेले. तिथले घोरपडे साहेब प्रत्येकाच्या फराळात हात घालायचे आणि त्याला तपासणी म्हणायचे. माझाही डबा उघडला.

"आजी, चाखल्याशिवाय पार्सल जाणार नाही."

"चाख की बाबा. पहिल्या सणाला जावयाची थट्टा करतात ना, तशी एकात लवंगी मिरची भरलीय. कुठल्यात, ते आता आठवत नाही. तेवढं हुडकून दे."

साहेबांनी हात मागं घेतला, डबा बंद केला आणि 'तपासले' असा शिक्का मारला.

पाडव्याला डबा भरलेला पोचला. आणि मिरची? एकुलत्या नातजावयाला मिरची चारीन होय मी?