संथनाथ महाराजांनी दिलेला एक श्वास

डॉक्टर हुपरीकरांनी भर वॉर्डात संथनाथ महाराजांच्या पायांवर डोके ठेवले. रुग्णालयाच्या नोंदींप्रमाणे मात्र असे काही घडलेच नाही. तेव्हा भक्तहो, आपणही ते ऐकले नाही असे समजू आणि सुरुवातीपासून निघू.

त्या काळी महाराजांचा मुक्काम आंबेदऱ्याच्या ग्रामीण रुग्णालयात, केसपेपरच्या खिडकीसमोरच्या बाकड्यावर होता. टाचेत काटा मोडला म्हणून ते आले होते. पण नंबर आला की मागच्याला पुढे करत. असे तीन महिने गेले. केवढी ही करुणा! वाट पाहून काटाच निघून गेला.

तिथल्या यमुना गावित सिस्टर त्यांच्या भक्त. चाळीस खाटा आणि सिस्टर एकट्या. एका दुपारी त्या बाकड्यापाशी येऊन मटकन बसल्या. खिशात राजीनामा होता.

"महाराज, मला माणसंच दिसेनाशी झालीत. खाटांचे नंबर दिसतात नुसते. काल घरी लेकीला 'अकरा नंबर' म्हणून हाक मारली."

"मग आली का ती?"

"आली ना. सवय झालीय तिला."

महाराजांचे डोळे पाणावले. ते म्हणाले, "लेकी, पेशंटला हात लावण्याआधी हात धुतेस ना? तेव्हा फक्त हातच धू. पाणी गार लागतंय का बघ. एक श्वास पुरता घे, पुरता सोड. मग त्याच्या तोंडाकडे बघ. एवढं कर आणि मग खुशाल राजीनामा दे."

मागे डॉक्टर उभेच होते. "श्वास तर पेशंटही घेतात, सिस्टर. त्याचा पगार मिळत नाही!"

इतक्यात लग्नातली बासुंदी बाधलेले बावीस वऱ्हाडी दारात आले. एकच कल्लोळ! डॉक्टर ओरडले, "दहा नंबरचं इंजेक्शन द्या आधी! आवरा!"

सिस्टर नळाकडे वळल्या.

"लावा आता समाधी!" डॉक्टर कडाडले.

सिस्टरांनी श्वास घेतला आणि काय सांगावे! पंखा थांबला. सलाईनचा थेंब हवेत राहिला. एका वऱ्हाड्याची उलटी तोंड आणि बादली यांच्यामध्ये अदबीने थबकली. डॉक्टरांचे बोट वर ते वरच. फक्त डोळे हलत होते. त्या अथांग शांततेत सिस्टर दहा नंबरपाशी गेल्या, चेहरा पाहिला आणि श्वास सोडला. थेंब पडला.

"धर्माआजोबा! तुम्ही तर नऊ नंबरचे! इथे कसे?"

"पंखा हिकडंच लागतोय बाई. अदलाबदल केली आम्ही."

हेच इंजेक्शन मागे आजोबांच्या जिवावर बेतले होते. आज ते दिले असते, तर आजोबा उठलेच नसते.

सिस्टरांनी आजोबांचा हात धरला आणि त्या ढसाढसा रडल्या. कितीतरी दिवसांनी त्यांना माणूस दिसला होता. राजीनामा त्यांनी तिथेच फाडला.

महाराज दारात उभे होते. डॉक्टर आले आणि पायांवर कोसळले. "चुकलो, महाराज!"

"ऊठ," महाराज म्हणाले. "श्वास घे. तुलाही चालतो."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी स्वतःच्या सहीने जिल्हा कार्यालयास लिहिले: "विषय: श्वास मंजूर होणेबाबत. उपरोक्त विषयास अनुसरून, प्रत्येक परिचारिकेस दर रुग्णामागे एक पूर्ण श्वास, आत व बाहेर, मंजूर व्हावा. तसेच सदर कालावधीत काळ थांबवणेबाबत संबंधितांना आपल्या स्तरावरून आदेश व्हावेत, ही विनंती."