चांद्याचे अडीच फेरे

एक होता घाणा. घाण्याला होता बैल चांद्या, आणि चांद्याला होता धनी, एलोजी तेली. कोकणातलं ते गाव त्याला शनवार तेली म्हणायचं. का? अरे, आपण बेने इस्राएल, कोकणातले यहुदी ना! शुक्रवारचा सूर्य बुडाला की शब्बाथ लागला. मग शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत काम बंद. माणसाचं बंद, बैलाचंही बंद, बरं का!

घाण्याला लागूनच होतं प्रार्थनाघर. तिथे धर्मग्रंथाच्या पवित्र कपाटासमोर काचेचा दिवा टांगलेला. एलोजीच्या पणज्यानं लावलेला. तो कधी म्हणजे कधी विझू द्यायचा नाही. दर शुक्रवारी एलोजीच त्यात तेल भरायचा.

एकदा काय झालं, तेल निघालं गढूळ. "देवाच्या दिव्यात गाळ? छे!" म्हणत एलोजी गाळ खाली बसायची वाट बघत राहिला. गाळ बसला, पण सूर्यही बुडाला! झाली का पंचाईत? घरात बुधलीभर तेल, आणि ओतता येईना.

मग शनिवारी दुपारी ज्योत लागली फडफडायला. शेजारचा काशीबा कोळी धावत आला.

"एलोजीदादा, मी ओततो की! मला कुठलाय शब्बाथ?"

"नको रे बाबा. माझ्यासाठी तू राबलास, म्हणजे मीच राबलो."

एलोजीच्या डोळ्यांना धार लागली. पणज्याचा दिवा आता त्याच्याच हातून विझणार होता.

इतक्यात मागे घंटा वाजली, खण खण खण! चांद्यानं दावं तोडलं आणि आपणहून घाण्याभोवती निघाला. मानेवर जू नाही, घाण्यात तीळ नाही! पहिला फेरा झाला, ज्योत सावरली. दुसरा फेरा झाला, आणि दिव्यात तेल चढायला लागलं!

"दादा, चढतंय! चढतंय!" काशीबा नाचायलाच लागला.

मग तिसरा फेरा. पण एलोजी कुठे थांबतोय? दिवा सोडून तो धावला आणि बैलाच्या गळ्यातच पडला.

"थांब रे लेकरा! विझला दिवा तर विझू दे. आज तुझीही सुट्टी!"

चांद्या अर्ध्या फेऱ्यातच थांबला. एलोजी मान खाली घालून परत आला. बघतो तर काय! दिवा काठोकाठ भरलेला, ज्योत ताठ!

संध्याकाळी आभाळात तीन चांदण्या दिसल्या. शब्बाथ उतरला. एलोजीनं बुधली आणली, पण दिव्यात थेंबाला जागा नव्हती. मग काय केलं त्यानं? जुवानं घट्टे पडलेल्या चांद्याच्या मानेला ते सगळं तेल चोळून चोळून जिरवलं.

दिवा जळत राहिला, चांद्या रवंथ करत राहिला, सगळी सुखात राहिली. चला, तुमचाही घाणा थांबवा आता. मिटा डोळे.