खारीची पाणपट्टी

डोंगराच्या कुशीतल्या एका जंगलात एक खार नव्यानेच राहायला आली होती. ऐनाच्या झाडावर तिला ऐसपैस ढोली मिळाली. खाली पाणवठा होता, शेजारी सशाचे बीळ. थंडी पडू लागली तशी तिने ढोली बियांनी भरून घेतली. तेवढ्यात झाडाखाली मुंगूस येऊन उभे राहिले. "खारूताई, पाणपट्टी! या पाणवठ्यावर जो राहतो, तो आपल्या साठ्यातला थोडा वाटा देतो." खारीने मूठभर बिया दिल्या. दुसऱ्या दिवशी सांबर आले. "ताई, रानकर द्या. हा सगळ्या जंगलासाठी." खार चक्रावली. "ढोली एक आणि कर दोन? ते कसे काय?"

ससा बिळातून डोकावून हळूच म्हणाला, "पाणपट्टी दिलीस ते ठीक, पाणवठा डोळ्यांसमोर आहे. पण रानकर कुठे जातो, कोणी पाहिलंय? बिया पानांखाली दडव आणि सांग, यंदा झाडांना काही धरलंच नाही!" खार लबाड नव्हती, पण डोळे मिटून देणारीही नव्हती. "कोणी पाहिलं नसेल, तर मीच पाहून येते," असे म्हणत तिने टुणकन सांबराच्या पाठीवर उडी मारली. सांबराला नवल वाटले. आजवर असे कोणी आले नव्हते!

डोंगराच्या माथ्यावर रानडुकरांचा कळप वाळलेले गवत मुळासकट उकरत होता. माथ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मातीचा उघडा पट्टा तयार होत होता. "हे कशासाठी, मावशी?" खारीने विचारले. म्हातारी डुकरीण धापा टाकत म्हणाली, "पलीकडच्या माळावर उन्हाळ्यात वणवा पेटतो. गवतच नसलं, की तो इथं अडतो. आम्ही दिवसभर उकरत बसलो तर पोटासाठी हिंडायचं कधी? तुमच्या बियांवरच हे काम चालतं." "पण ज्याने त्याने आपापल्या पाणवठ्यापुरतं राखलं तर?" "वणवा काय पाणवठ्याची हद्द विचारून येतो, बाई?" खारीला ते मनोमन पटले. घरी येताच तिने रानकर काढून दिला.

आता मात्र तिची उत्सुकता आणखी वाढली. ती मुंगसाकडे गेली. "मुंगूसदादा, माझी पाणपट्टी कुठे जाते, तेही दाखव." ससा हसू लागला. "त्यात काय बघायचंय? पाणवठा समोर तर आहे!" खार काठावर उतरली आणि तिने पाण्यात शेपटी बुडवली. वर जेमतेम बोटभर पाणी, खाली सगळा गाळ! मुंगसाने मान खाली घातली आणि तिला खडकामागे नेले. तिथे बियांचा ढीग कीड लागून पडला होता. "गाळ काढणारं म्हातारं अस्वल मागेच वारलं. दुसरं कोणी मी शोधलंच नाही. कोणी विचारलं नाही, म्हणून नुसतंच गोळा करत राहिलो." सशाचे हसू मावळले. "अरे, आणि मी रोज इथेच पाणी पितो!"

मग आसपासचे सगळे प्राणी पाणवठ्यावर जमले. मुंगसाला बोल लावण्यात वेळ न घालवता त्यांनी रानातल्या एका तरण्या अस्वलिणीला बोलावले. घरोघरच्या ताज्या बियांवर आणि बोरांवर तिचे पोट भरले आणि गाळ उपसला गेला. उन्हाळ्यात माळावर वणवा पेटला. धुराने आभाळ काळवंडले, पिल्ले आयांना बिलगली. पण आग माथ्यावरच्या उघड्या मातीपाशी येऊन विझली. खाली पाणवठा भरलेलाच होता. पुढच्या थंडीत सांबर आले तेव्हा ससा आधीच वाट पाहत उभा होता. "हा माझा रानकर," तो म्हणाला, "आणि थांब जरा, मीही येतो बघायला."

तात्पर्य : जिथे राहतो तिथला कर प्रामाणिकपणे द्यावा, आणि तो कुठे खर्ची पडतो हे स्वतः जाऊन पाहावे. जिथे कोणी विचारत नाही, तिथला पाणवठा गाळाने भरतो.